खिडकीचं सागवान आणि घरची हत्यारं

इयरफोन नीट लावलेत ना? आज गप्पा पेन टर्निंगच्या. म्हणजे लेथवर लाकूड फिरवून पेन बनवायचं, आणि त्यासाठी लागणारी हत्यारंही घरीच करायची.

आमचं गावचं घर पाडलं, तेव्हा खिडकीच्या सागवानी चौकटीचा वीतभर तुकडा मी उचलून आणला. आजोबा त्याच खिडकीत बसून हिशोब लिहायचे. म्हटलं, याचं पेन करून त्यांनाच द्यायचं. लाकूड जेमतेम दोन पेनांपुरतं. छोटं सेकंडहँड लेथ घेतलं आणि खिसा रिकामा झाला. मग काय, जुगाड!

पहिला जुगाड फसला, तो आधी सांगतो. बाबांच्या पेटीतली जुनी कानस घासून मी पटाशी केली. कानस कडक असते, म्हणूनच ठिसूळही असते. लाकडात अडकली आणि टणकन तुटली. तुकडा थेट गॉगलवर! डोळा वाचला, पण लाकूड चिरलं. आता एकाच पेनापुरतं उरलं होतं. मित्रांनो, कानशीची पटाशी नको म्हणजे नको.

मग लोखंड कापणारे लेथवाले वापरतात तो एचएसएसचा चौकोनी टूल बिट आणला. जाड लोखंडी सळईच्या टोकाला खाच पाडून तो स्क्रूने आवळला, मागे लांब लाकडी मूठ बसवली. बिट फार बाहेर काढायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

पुढची अडचण. स्लिमलाइन पेनात 7 मिमीची पितळी नळी असते. लाकडाला भोक पाडून ती आत चिकटवायची. पण लाकडाचं तोंड नळीशी काटकोनात नसेल, तर जोडताना फट दिसते. त्यासाठी बॅरल ट्रिमर विकत मिळतो. मी लेथवर प्लायवूडची चकती बसवून तिला सँडपेपर चिकटवला. समोर टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये नळीत घट्ट जाईल अशी सरळ सळई. तिच्यावर लाकूड सरकवून हलकेच टेकवायचं. पितळ चमकलं की थांबायचं.

चकाकीसाठी सुपरग्लूचे पातळ थर देतात. पण लोखंडी बुशिंगही त्यात चिकटून बसतं, आणि काढताना थर तडकतो. एचडीपीई प्लास्टिकला हा ग्लू नीट धरत नाही. म्हणून आईच्या जुन्या चॉपिंग बोर्डातून दोन शंकू कातले. आईला विचारून, बरं का! ग्लू लावताना खिडकी उघडी, घासताना तोंडाला मास्क.

शेवटी बेंच व्हाइसच्या जबड्यांना लाकडाच्या चिपा लावून पेन दाबून जोडलं.

आजोबांनी ते डोळ्यांजवळ नेलं. काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही खिळ्याची जागा ना रे?" मग पाकिटाच्या मागे दुधाचा हिशोब मांडायला बसले.

तुमच्या घरात असा एखादा तुकडा पडलाय का? मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, आधी गॉगल, मग लेथचं बटण!