पाण्यातून इंधन : खरा हिशेब विजेचा



पाण्यापासून वाहनांचे इंधन काढण्याची गोष्ट पैठणमध्ये निघाली, की पहिला प्रश्न उठतो तो पाण्याचाच. नाथसागर उशाशी असूनही मराठवाड्याने टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. त्यामुळे ही शंका रास्तच आहे. तिचे उत्तर मात्र आकड्यांतच शोधले पाहिजे.

हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनातील इंधनघटात हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांचा संयोग होऊन वीज निर्माण होते. धूर नाही, मागे उरते ते केवळ पाणी. परंतु हा हायड्रोजन सौर वा पवन विजेने पाण्याचे विघटन करून मिळवला, तरच तो ‘हरित’ म्हणावयाचा.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे त्याचे उद्दिष्ट. एक किलो हायड्रोजनमागे रासायनिक हिशेबाने ९ लिटर पाणी लागते. म्हणजे संपूर्ण देशाच्या उद्दिष्टास सुमारे १.६ टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठाच सुमारे ७६ टीएमसी आहे. शुद्धीकरणाचे जादा पाणी धरले, तरी अडचण पाण्याची नाही.

अडचण विजेची आहे. एका किलोसाठी सुमारे ५० युनिट वीज खर्ची पडते आणि तिच्यापैकी जेमतेम एक तृतीयांश चाकापर्यंत पोहोचते. तीच वीज बॅटरीत भरली, तर जवळपास तीन चतुर्थांश कामी येते. म्हणून लहान मोटारीला बॅटरीच योग्य. हायड्रोजनचे स्थान आहे ते लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांत. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या प्रायोगिक प्रकल्पांत ३७ बस व ट्रक आणि ९ इंधन केंद्रे आहेत. पुणे-मुंबई मार्गही त्यांत आहे.

हा सावधपणा आवश्यकच होता. २००६ च्या राष्ट्रीय आराखड्याने २०२० पर्यंत दहा लाख हायड्रोजन वाहनांचे स्वप्न पाहिले होते. ते कागदावरच राहिले.

स्वच्छ विजेलाही जागा लागते. नाथसागरावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा मच्छीमारांचा आणि पक्षी अभयारण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खनिज तेलाच्या आयातीचे जोखड उतरलेच पाहिजे. परंतु ते उतरवताना भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहणेही राष्ट्रकार्यच होय. यापुढे हायड्रोजनची नवी घोषणा झाली, की पैठणकरांनी पहिला प्रश्न विचारावा : वीज कोठून येणार?