ट्रॅक्टर आणि नारबाचा गोतावळा
(जामनेर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्राविषयी आपण आजवर पुष्कळ ठराव केले. त्यांत मालकी, मजुरी आणि बेकारी यांचा हिशेब असतो. आनंद यादवांची 1971 साली प्रसिद्ध झालेली 'गोतावळा' ही कादंबरी पुन्हा वाचताना त्या हिशेबात राहून गेलेली एक बाब ध्यानात आली. तीच आपणांपुढे मांडावयाची आहे.

कादंबरीचा निवेदक नारबा हा शेतावरचा गडी. सारी कथा तो कोल्हापूरकडील बोलीत सांगतो. त्याला स्वतःचा संसार नाही. मळ्यावरची जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर घेतो आणि दावण रिकामी होऊ लागते. मालकाच्या दृष्टीने तो शेतीचा व्यवहार असतो. नारबाच्या घरातली मात्र माणसे उठून जात असतात.

आपल्या कपाशीच्या मुलखात हे कोणास समजावून सांगावयास नको. आखाजीला सालदाराचे साल ठरे. पोळ्याला बैल न्हाऊ घालणारा हात बहुधा त्याचाच असे, बैल मालकाचा. नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि सालदाराची गरज उणावली. पुढे तणनाशक आले आणि निंदणीला जाणाऱ्या बायांचे रोज बुडाले. त्या ओळीत बसून बाया एकमेकींना घरचे दुःख सांगत. रोजाबरोबर ती ओळही मोडली.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. नारबाची माया पाहून जुनी व्यवस्था गोड मानणे चूक ठरेल. त्याला जनावरांत गोत शोधावे लागले, कारण माणसांत त्याच्यासाठी जागा ठेवलेली नव्हती. हे एकटेपण ट्रॅक्टरच्या आधीचेच होते.

म्हणून ट्रॅक्टर परत पाठवा, अशी मागणी आपण करू शकत नाही. उन्हात दिवसभर वाकून निंदणे हे कोणाही बाईचे भाग्य नव्हे. प्रश्न असा की, यंत्राने वाचविलेले कष्ट कोणाच्या पदरी पडले? 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा काम मागण्याचा हक्क मान्य झाला. यंत्र केव्हा व कशासाठी आणावे, हे ठरविताना मजुराचे मत घेण्याची रीत मात्र पडली नाही. नारबाला कोणी विचारले नव्हते. निंदणाऱ्या बायांनाही कोणी विचारले नाही.

यापुढे गावात गेल्यावर किती रोज बुडाले एवढेच विचारून आपण परत फिरू नये. ओट्यावर घटकाभर बसावे आणि कोणाची कोणाशी ताटातूट झाली, हेही ऐकून घ्यावे. ठरावाचा मसुदा त्यानंतर लिहावा.