आपला तो बाब्या



मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली आभारी आहे. मी काही विदुषी नव्हे. माझ्या हातून घडलेली एक चूक तेवढी सांगणार आहे.

आपल्या न्हावऱ्याच्या शिवारात उसाच्या हंगामात बीड-नगरकडची तोडणी मंडळी येऊन उतरतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या मळ्याशेजारी त्यांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यांतील एक बाई आमच्या विहिरीवर पाण्याला येई. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर तान्हे मूल. एकदा मी विचारले, "काय गं, पोरीला शाळेत का घालत नाहीस?" बाईने मान वर केली नाही. हंडा उचलला आणि चालू लागली.

त्याच आठवड्यात आपल्या हळदीकुंकवाला मी सर्वांदेखत म्हणाले, "या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. आणि वर घमेंड किती!" कित्येकींनी मान डोलावली.

पुढे एके दुपारी ती मुलगी रडत आमच्या दारी आली. बाळाला ताप भरला होता. आईबाप पहाटे तीनलाच फडावर गेलेले. मी कोपीवर जाऊन बसले. आई परतली ती दिवस मावळताना. म्हणाली, "आक्का, गावाकडं तिसरीत हाय ही. हितं साळंत घातली तर बाळाला कोन धरील? मी खाडा केला तर उचल कवा फिटायची? त्या दिशी तुमी इचारलं, तवा तोंडातून शबुदच फुटंना."

भगिनींनो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी तोडणी करून फेडायची असते. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाळेचे ऐन महिने तेच! हे सारे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्या बाईकडे पाहताना मात्र ते आठवले नाही.

आणि गंमत पाहा. त्याच महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मी माझ्या नातीची शाळा चार दिवस बुडवली होती आणि गुरुजींना "अडचण होती" म्हणून सांगितले होते. माझी ती अडचण आणि तिचा तो स्वभाव! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे आपल्या आजीबाई म्हणत आल्या, ते उगीच नव्हे.

मानसशास्त्रज्ञांनीही हे हेरले आहे. माणसे एकमेकांच्या वागण्याची कारणे कशी लावतात, यावर फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ साली ग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या वागण्यात आपण स्वभावाला फार आणि परिस्थितीला फार थोडे महत्त्व देतो, या चुकीला ली रॉस यांनी १९७७ साली नाव दिले. जोन मिलर या विदुषीने अमेरिकेतील आणि म्हैसूरमधील माणसांची तुलना १९८४ साली प्रसिद्ध केली. तीत अमेरिकेतील प्रौढ माणसे स्वभावाकडे अधिक बोट दाखवीत, तर म्हैसूरची प्रौढ माणसे परिस्थितीकडे. लहान मुलांत मात्र हा फरक फारसा नव्हता. म्हणजे परिस्थिती पाहण्याची नजर वाढता वाढता येते. ती आपल्याला आली आहे, पण मला वाटते, आपण ती घरच्यांपुरतीच वापरतो.

माणसाला स्वभाव नसतोच, असे माझे म्हणणे नाही. पण तो निकाल शेवटी द्यावा. "ती अशीच आहे" हे शब्द ओठांवर येताच आपण एकच प्रश्न करावा: तिच्या जागी मी असते, तर पहाटे तीनला काय केले असते?

हंगाम संपला आणि कोप्या उठल्या. त्या बाईची क्षमा मागायची राहूनच गेली. पण ते वाक्य मी आपल्यासमोर बोलले होते, म्हणून आज आपल्यासमोरच ते मागे घेते आणि आपली रजा घेते.