खेड्यातील मुलींचे स्वावलंबन

शिवणयंत्रे वाटण्याचा समारंभ हा आपल्या समाजात नित्याचा झाला आहे. मांडव पडतो, पाहुणे येतात, हारतुरे होतात, आणि खेड्यातील दहावीस मुलींच्या हाती एकेक यंत्र देऊन त्या स्वावलंबी झाल्या असे जाहीर करण्यात येते. काही महिन्यांनी त्याच गावी जाऊन पाहावे, तर त्यांतील थोडी यंत्रे चालू असतात; बाकीची कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली आढळतात. यंत्र चालविता येते, पण कापड बेतता येत नाही. बेतता आले, तर गिऱ्हाईक नसते. गिऱ्हाईक आले, तर शिलाई मागण्यास जीभ रेटत नाही. आणि शिलाई मिळाली, तरी ती तिच्या हाती राहतेच असे नाही. दात्याचा हेतू शुद्ध असतो, मुलगीही कष्टाळू असते. मग गाडे अडते कोठे? या प्रश्नाचा विचार श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

स्त्रियांनी आपल्या पायांवर उभे राहावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यास विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो शहराबाहेर हिंगणे येथे गेला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सेवासदनाचे कार्य सुरू झाले. या संस्थांतून शिक्षिका आणि परिचारिका बाहेर पडल्या आणि असंख्य घरांतील चूल त्यांच्या कमाईवर पेटली. हे उपकार थोर आहेत. परंतु या विद्येचा लाभ जी मुलगी शहरापर्यंत येऊ शकली तिलाच झाला. जिच्या घरी सकाळचे पाणी भरावयाचे, धाकटी भावंडे सांभाळावयाची आणि दुपारी रानात जावयाचे, ती पुण्यास कशी येणार? तिला पाठविण्यास बाप तयार नसे. तो तयार झाला तर गाव बोले.

या अडचणीचे एक उत्तर १९४५ साली बोर्डी येथे शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हे त्यांचे सूत्र. ‘अंगणवाडी’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द त्या प्रयत्नाची आठवण आहे. विद्यार्थी शाळेकडे येतो हा जुना क्रम येथे उलटला आणि शाळा विद्यार्थ्याकडे गेली. तथापि शिकविणारी व्यक्ती अद्याप बाहेरूनच येत होती.

पुढचे पाऊल जामखेडला पडले. आजच्या अहिल्यानगर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हा दुष्काळी तालुका. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे आरोग्यकार्य आरंभिले. प्रारंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेडोपाडी नेमून पाहिल्या. त्या मुली तेथे रमेनात, आणि गावच्या बायका परक्या मुलीपाशी मनातले बोलेनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिलाच शिकवावे असे ठरले. निवडल्या गेलेल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या. कोणी मोलमजुरी करणारी, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी गावकुसाबाहेर राहणारी. प्रतिष्ठितांच्या हिशेबी त्या कोणीच नव्हत्या.

यांना शिकविण्याची रीत मुद्दाम पाहण्याजोगी आहे. त्यांना घरदार सोडावयास कोणी सांगितले नाही. आठवड्यातून एकदा त्यांनी जामखेडला यावे, निरनिराळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीस जेवावे, एका छपराखाली निजावे, एखाददुसरा विषय शिकावा आणि परत जावे. या आठवड्यात जुलाब झालेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी कसे द्यावे हे शिकले, की गावात जाऊन तेच करावयाचे. पुढील खेपेस येताना अडचणी घेऊन यावयाचे. सासूने पाणी पाजू दिले नाही. मग काय करावे? याचे उत्तर पुस्तकात नसते. ते दुसऱ्या गावच्या बाईने आपल्या अनुभवावरून द्यावयाचे. असे करीत करीत गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ हातांनी बाळंतपण, क्षयाची आणि कुष्ठरोगाची प्रथम लक्षणे ओळखणे, इतके ज्ञान या बायकांनी आत्मसात केले.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट निराळीच होती. खेड्यातील सुनेस नाव विचारले, तर ती अमक्याची आई किंवा तमक्याची बायको म्हणून ओळख सांगते. स्वतःचे नाव सांगण्याचा प्रसंगच तिच्यावर क्वचित येतो. अशा बाईच्या हातून एक मूल वाचते, दुसरे वाचते, आणि एके रात्री गावातल्या मोठ्या वाड्यातून तिला बोलावणे येते. काल ज्या घराची पायरी तिला वर्ज्य होती, त्या घरात आज तिची वाट पाहिली जाते. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. व्याख्याने देऊन तो कोणाच्या अंगी बाणविता येत नाही. जबाबदारीचे काम सोपविले, ते पार पडले, आणि चारचौघांनी ते पाहिले, म्हणजे तो आपोआप येतो.

फळ काय मिळाले, तेही पाहावे. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पुढच्या पंचवीस वर्षांत ती संख्या तिसाच्या आत आली. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली वॉशिंग्टन येथील एका परिषदेत जामखेडच्या एका आरोग्यसेविकेने जाणत्या वैद्यांपुढे भाषण केले. सभागृहातील लखलखणाऱ्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने डॉक्टरांस त्या झुंबरांची उपमा दिली आणि स्वतःस लहानशा दिव्याची. परंतु एका दिव्यावरून दुसरा लावता येतो, हे सांगावयास ती विसरली नाही. पुढे जामखेडच्या या कार्यात किशोरवयीन मुलींचे वर्गही आले, आणि आयांना जे उशिरा लाभले ते लेकींना वेळेवर लाभू लागले.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. गावची स्त्री गावातच शिकवून तयार करावी हे तत्त्व पुढे सरकारनेही स्वीकारले. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी सेविका आल्या, २००५ साली ‘आशा’ आल्या. या आशांची संख्याच आता सुमारे दहा लाख आहे. परंतु त्यांच्या कष्टास वेतन न म्हणता मानधन किंवा मोबदला म्हणावयाचे, आणि त्यांना नोकर न म्हणता स्वयंसेविका म्हणावयाचे, असा शिरस्ता पडला. अंगणवाडीतील स्त्रियांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले, तेव्हा योजनेस सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. स्त्रीचे काम ते सेवेचे, आणि सेवेस मोल कसले, ही समजूत अजून आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. मुलीला कामात तरबेज करावयाचे आणि त्या कामाचा दाम देताना मात्र तिच्या त्यागाचे गोडवे गावयाचे, हा न्याय नव्हे. जामखेडच्या बायकांना बांगड्यांचा, शेळ्यांचा असा काही लहान व्यवसाय करण्यास शिकविले गेले, त्यामागे हेच शहाणपण होते. पोट स्वतःच्या कमाईवर चालले, तर शब्दही स्वतंत्र राहतो.

तेव्हा पुन्हा त्या पोत्याखालील शिवणयंत्राकडे वळावे. सुशिक्षित कुटुंबांस खेड्यातील मुलींविषयी कळकळ आहे, आणि सणावारी, स्मृतिदिनी त्यांचा हात सढळ असतो. त्यांनी देणगी देण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारावेत. हिला शिकविणारी बाई तिच्या गावाजवळ आणि तिच्या सवडीने भेटेल काय? शिकून झाल्यावर अडचण आली, तर ती कोणाकडे जाईल? तिच्या कामास गिऱ्हाईक कोण? आणि मिळालेला पैसा कोणाच्या नावे, कोणाच्या हाती राहील? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या संस्थेस यंत्राच्या किमतीहून चार पैसे अधिक द्यावे लागले, तरी ते सत्कारणी लागतील.

आणि एवढेही ज्यांना शक्य नसेल, त्यांच्या घरी खेड्यातून आलेली एखादी मुलगी धुणीभांडी करीत असेलच. तिला तिचे पूर्ण नाव विचारावे, बँकेतील खाते तिच्या स्वतःच्या नावे आहे की नाही ते पाहावे, आणि तिच्या शिकण्याची वेळ आपल्या कामाच्या वेळेआड येऊ देऊ नये. स्वावलंबनाचा आरंभ इतक्या जवळून करता येतो.