पुंजयामिकीच्या तळाशी काय?



चुलीवरच्या पाण्याला तापमान असते. त्यातील एकट्या रेणूला नसते. असंख्य रेणूंच्या धावपळीतून ते उद्भवते. अणुविश्वातील यदृच्छाही अशीच वरवरची असेल काय? डच शास्त्रज्ञ जेरार्ड ट हूफ्ट यांनी १९९९ मध्ये तसे सुचविले. दशांशचिन्हापुढे ३४ शून्ये देऊन १ लिहा (मोजून लिहा!), साधारण इतक्या मीटरच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणही पुंजरूप व्हावे असे मानतात. तेथे नियम निश्चितच असतील, पण भिन्न अवस्था एकीत मिसळून माहिती हरवत असेल. आपल्या हाती उरते ती संभाव्यता!

मात्र जॉन बेल यांची १९६४ ची कसोटी आडवी येते. तिच्यातून सुटायचे, तर प्रयोगकर्त्याची निवडही पूर्वनियोजित मानावी लागते. ट हूफ्ट ते मानतात. मला ही किंमत फार जड वाटते.