साध्या कॅमेऱ्याने चंद्राचे छायाचित्रण

करवा चौथीच्या रात्री आठच्या सुमारास दिल्लीतील गच्च्यांवर जी गर्दी जमते, तिच्या हातांत चाळणीबरोबर आता कॅमेराही दिसू लागला आहे. मराठी पंचांगाप्रमाणे ती तिथी आश्विन वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टीच होय. त्यामुळे करोलबागेतील मराठी घरांतूनही त्याच चंद्रोदयाची वाट पाहिली जाते. चंद्र उगवतो, कळ दाबली जाते, आणि हाती येतो तो काळ्या पार्श्वभूमीवरील एक पांढरा ठिपका. नुसत्या डोळ्यांना जो ससा स्पष्ट दिसतो, त्याचा चित्रात मागमूसही नसतो. या व्याख्यानाचा विषय हा ठिपकाच आहे.

महागडा कॅमेरा नसल्यामुळे असे होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पृथ्वीवरून चंद्राचा व्यास जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड तो सहज लपतो. भिंगाने उमटवलेल्या चंद्रबिंबाचा व्यास त्या भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतका भरतो. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगाने उमटलेले बिंब अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने ते पावणेतीन मिलिमीटरचे होते, आणि एवढ्यात मोठी विवरे ओळखू येतात. ज्याच्याजवळ असे भिंग नाही, त्याने लहान दुर्बिणीच्या नेत्रभिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवून पाहावा. ही युक्ती हास्यास्पद वाटली तरी तिने मिळणारी चित्रे मुळीच हास्यास्पद नसतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्याचा पैशाशी संबंध नाही. चंद्र रात्री दिसतो म्हणून तो अंधारातील वस्तू आहे, असे मन धरून चालते. वस्तुतः त्याच्या उजळ भागावर लख्ख ऊन पडलेले असते. त्याची जमीन डांबरी रस्त्यासारखी काळपट, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच परत पाठवणारी. तरीही ती उन्हातील जमीनच होय. स्वयंचलित कॅमेरा मात्र भोवतालचे काळे आकाश मोजतो आणि शटर फार वेळ उघडे ठेवतो. म्हणून मोजमाप कॅमेऱ्यावर न सोपवता हाताने करावे. पौर्णिमेच्या चंद्रासाठी छिद्र एफ ११, संवेदनक्षमता १०० आणि शटरचा वेग सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग, हे जुने गणित आजही उपयोगी पडते. अष्टमीच्या चंद्राला याच्या सुमारे चौपट प्रकाशकाल लागतो. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० साली न्यूयॉर्कमध्ये चंद्राचे चित्र घेतले तेव्हा चांदीचा मुलामा दिलेला पत्रा वीस मिनिटे चंद्रासमोर धरावा लागला होता. आजच्या नवशिक्याची सोय किती मोठी आहे, हे त्यावरून कळावे.

तिवई हवीच. कळ बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी. केंद्रीकरण चंद्राच्या उजळ कडेवर करावे.

तिथीच्या निवडीत मात्र बहुतेक जण फसतात. पौर्णिमेला ऊन चंद्राच्या दृश्य बाजूवर समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि पृष्ठभाग सपाट दिसतो. शुक्ल अष्टमी-नवमीला प्रकाश व अंधार यांच्या सीमेवर सूर्य नुकताच उगवत असतो. तेथे अ‍ॅपेनाइन पर्वतांच्या सावल्या लांबवर पसरतात आणि सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर हळूहळू उजेडात येते. शिवाय हा चंद्र सूर्यास्तालाच उंच आलेला असतो, जागरणाची गरज नाही.

राहिले दिल्लीचे आकाश, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. मे-जूनमध्ये धुळीची आंधी, ऑक्टोबरच्या अखेरीपासून धूर, डिसेंबर-जानेवारीत धुके. पावसाळा सरताना हवा धुतलेली असते, ते दिवस उत्तम. वाईट असे की, हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्रच दिल्लीत सर्वांत उंच चढतो. दिल्लीचे अक्षांश सुमारे २८.६ अंश असल्याने २०२४-२५ च्या सुमारास, साडेअठरा वर्षांतून एकदा येणाऱ्या आवर्तनात, तो जवळजवळ डोक्यावर येत होता. उन्हाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र मात्र क्षितिजाकडे झुकून जातो आणि दिवसभर तापलेल्या गच्चीची गरम हवा त्याचे बिंब थरथरवते. त्यापेक्षा हिरवळीवर उभे राहणे बरे.

क्षितिजावरील चंद्र वास्तूसह टिपावयाचा असेल तर थोडा हिशेब करावा. इंडिया गेट ४२ मीटर उंच आहे. विजय चौकातून, म्हणजे दोन-सव्वादोन किलोमीटरांवरून, चंद्रबिंब त्याच्या साधारण निम्म्या उंचीचे दिसते. कमान जवळजवळ पूर्वेस असल्याने मार्च व सप्टेंबरच्या आसपासची पौर्णिमा त्यास सोयीची. सुमारे ७३ मीटरच्या कुतुबमिनाराएवढा चंद्र हवा असल्यास मात्र आठ किलोमीटर दूर जावे लागेल. तिवई घेऊन स्मारकाच्या आवारात जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी, नाही तर रात्र दारावरच सरते.

ग्रहणाच्या वेळी हे सारे गणित उलटते. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात रात्री अकरापासून बारा वाजून बावीस मिनिटांपर्यंत चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या गडद छायेत होता. अशा तांबूस चंद्राचा प्रकाश हजारो पटींनी कमी असतो. शंभरावा भाग पुरत नाही, पूर्ण सेकंद हवासा वाटतो. पण एका सेकंदात चंद्र आपल्या व्यासाच्या सुमारे सव्वाशेव्या भागाइतका सरकतो आणि चित्र पुसट होते. संवेदनक्षमता १६०० किंवा त्याहून अधिक ठेवून पाव सेकंदात काम भागवणे, हाच साध्या साधनांचा मार्ग. त्याची सवय आधीच्या रात्रींत, शुक्ल द्वितीया-तृतीयेच्या कोरीच्या अंधाऱ्या भागावरील पृथ्वीप्रकाश टिपून करता येते. पुढचे संपूर्ण दिसणारे खग्रास ग्रहण भारतातून ३१ डिसेंबर २०२८ रोजी रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान पाहावयास मिळेल, आणि ते दिवस दिल्लीत ऐन धुक्याचे आहेत. जयपूरच्या बाजूला एखादे नातेवाइकाचे घर असल्यास त्याची आठवण तोवर ठेवावी.