कुकर, तवा आणि कार्नीतास

आज डुकराच्या मांसाबद्दल बोलणार आहे. तेही मेक्सिकोच्या पद्धतीनं, पण आपल्या रोजच्या कुकरमध्ये. काट्यानं नुसतं ओढलं तरी रेषा न् रेषा सुटावी, आणि तरी त्याचा चोथा होऊ नये, इतकीच आपली अपेक्षा आहे. मेक्सिकोत या पदार्थाला कार्नीतास म्हणतात.

त्याचं माहेर म्हणजे मिचोआकान हे पश्चिमेकडचं राज्य. तिथल्या पात्स्क्वारो सरोवराच्या काठचं किरोगा गाव कार्नीताससाठी प्रसिद्ध आहे. तांब्याची भलीमोठी कढई, तिच्यात डुकराचीच वितळलेली चरबी, आणि त्या चरबीत तासन् तास मंद आचेवर शिजणारे मोठमोठे तुकडे. या कढया जवळच्याच सांता क्लारा देल कोब्रे या तांबटांच्या गावात ठोकून घडवतात. मांस किलोवर विकलं जातं आणि गिऱ्हाईक नेमकं काय हवं ते सांगतं. मासीसा म्हणजे नुसतं मांस, कुएरितो म्हणजे मऊ झालेली कातडी, कोस्तिया म्हणजे बरगडी, बुचे म्हणजे पोट. ठरत नसेल तर सुर्तीदा, म्हणजे सगळं थोडं थोडं. विकणारा ओंडक्यावर सुऱ्यानं खटाखट तुकडे करतो आणि टॉर्टियावर, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीवर, घालून देतो. बहुतेकांच्या घरी हा रविवारचा नाश्ता.

डुक्कर हा प्राणी मेक्सिकोचा मूळचा नव्हे. तो स्पॅनिश लोकांबरोबर आला. १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी पडल्यावर स्पॅनिश सेनानी कोर्तेसनं कोयोआकानला मेजवानी दिली आणि तिच्यासाठी क्युबाहून डुकरं आणवली होती, असं त्याच्याच सैन्यातल्या बर्नाल दियास देल कास्तियोनं लिहून ठेवलं आहे. त्याच शतकात पोर्तुगीज जहाजांमधून अमेरिकेतली मिरची गोव्यात उतरली. म्हणजे एकाच काळात मेक्सिकोला डुक्कर मिळालं आणि आपल्याला मिरची. या सौद्यात आपण काही तोट्यात नाही.

आता कुकरकडे वळू. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीपुढे हे यंत्र मांडलं. त्याचा हेतू डाळ-भात शिजवणं हा नव्हता; त्याला हाडं मऊ करायची होती. कठीण, चिवट, फेकून देण्यालायक भागातला पौष्टिक अंश काढून घ्यायचा, म्हणून त्यानं वाफ कोंडणारं भांडं केलं आणि ते फुटू नये म्हणून त्याला झडप बसवली. म्हणजे चिवट मांस मऊ करणं हे कुकरचं जन्मापासूनचं काम आहे.

मांस चिवट का असतं? प्राण्याचा जो भाग सतत राबतो, उदाहरणार्थ खांदा, त्यात स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पडद्यांचं प्रमाण जास्त असतं. हे पडदे कोलॅजनचे. भरपूर उष्णता आणि वेळ मिळाला की कोलॅजन विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ कसे चिकटतात, तोच हा पदार्थ. स्नायूंचे तंतू मात्र उलट वागतात. साधारण ६५ अंशांच्या पुढे ते आकसतात आणि आपलं पाणी बाहेर टाकतात. म्हणून पुरतं शिजलेलं मांस रसरशीत लागतं ते त्यातल्या पाण्यामुळे कमी. जिलेटिन आणि चरबी यांचा त्या तंतूंवर लेप बसतो, त्यामुळे जास्त. जिथे हे दोन्ही नाही, ते मांस कितीही रश्श्यात बुडवलं तरी कोरडंच लागणार.

तेव्हा खाटकाकडे गेल्यावर पाठीचं गुळगुळीत, चरबी नसलेलं मांस घेऊ नका. ते दिसायला छान आणि महाग असतं, पण या कामाला निरुपयोगी. खांदा मागा. चरबीच्या रेषा दिसायला हव्यात, थोडी कातडी असली तर उत्तमच. आज परदेशातून ऐकणाऱ्या मंडळींना अमेरिकेतल्या दुकानात हाच भाग 'पोर्क बट' अशा चिठ्ठीखाली मिळेल. नावावर जाऊ नका, तो खांदाच असतो.

सव्वा किलो मांसाचे पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करा. लहान नको, कारण नंतर ज्या लांब रेषा सुटायला हव्यात त्या तिथेच तुटतात. अडीच सपाट चमचे मीठ चोळून शक्य तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कुकरमध्ये एक कांदा चार फोडी करून, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, अर्धा चमचा जिरं, थोडं ओरेगॅनो, एका संत्र्याचा रस आणि अर्ध्या लिंबाचा. नागपूरचं संत्रं चालेल, मोसंबीही चालेल. सालं टाकू नका, दाबाखाली त्यांचा कडवटपणा उतरतो. रस आणि पाणी मिळून एक कप. इतकंच. मांस बुडायला हवं असं आपल्याला वाटत राहतं, पण ते स्वतःचं एवढं पाणी सोडतं की झाकण उघडाल तेव्हा रस दुप्पट झालेला दिसेल. कुकर दोनतृतीयांशाच्या वर भरू नका, आणि लावण्यापूर्वी वाफेचं भोक उजेडाकडे धरून मोकळं आहे ना ते बघा.

मिचोआकानमधले काही कारागीर कढईत दूध घालतात, काही चक्क कोका-कोला. उघड्या कढईत ते शोभतं. कुकरमध्ये दूध उतू येऊन भोकाशी जातं आणि साखर तळाशी करपते, म्हणून घरी ते नको.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. मूळ पदार्थ चरबीत शिजतो हे ऐकून कुणी कुकरमध्ये तेल किंवा चरबी भरून झाकण लावू नये. घरगुती कुकर, त्याची रिंग, त्याची झडप, हे सगळं पाण्याच्या वाफेसाठी बनवलेलं असतं. तेल कुठल्याकुठे तापतं आणि दाबाखाली ते बाहेर उडालं तर भाजणं भयंकर असतं. चरबीची पाळी नंतर येणार आहे, उघड्या तव्यावर.

आता शिट्ट्या. आपल्याकडे पाककृती विचारली की उत्तर येतं, सहा शिट्ट्या. पण शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वजन उचललं जातं, एवढाच तिचा अर्थ. गॅस मोठा असेल तर सहा शिट्ट्या आठ मिनिटांत संपतात, बारीक असेल तर त्यांनाच अर्धा तास लागतो. कुकरचा आकार, आतलं पाणी, वजनात अडकलेली डाळ, सगळ्यानं फरक पडतो. म्हणून मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग आच इतकी मंद करा की वजन नुसतं फुसफुसत राहील, आणि घड्याळ लावा. पस्तीस ते चाळीस मिनिटं. या दाबाला आत साधारण १२० अंश तापमान असतं. उघड्या पातेल्यात जे काम अडीच-तीन तासांचं, ते इथे एवढ्यात होतं. डुक्कर लहान, कोवळं असेल, गावाकडे पुष्कळदा असतं, तर अर्ध्या तासानं बघा. विजेवर चालणाऱ्या कुकरमध्ये दाब थोडा कमी असतो, तिथे दहा मिनिटं वाढवा.

मेक्सिको सिटीच्या गृहिणींना कुकरचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त पटेल. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. घेवडा उघड्यावर शिजवायचा म्हणजे सकाळ गेली. त्यामुळे ओया एक्सप्रेस, म्हणजे आपला कुकर, तिथल्याही स्वयंपाकघरात असतो.

वेळ झाली की गॅस बंद करा आणि हात लावू नका. चिमट्यानं वजन उचलून फस्सकन वाफ सोडायची सवय इथे घातक आहे. दाब एकदम उतरला की तंतूंमधलं १२० अंशांचं पाणी तत्क्षणी उकळतं, वाफ होऊन बाहेर पळतं आणि मांस कोरडं पडतं. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण आपोआप सैल होईल. तेव्हा एक तुकडा काट्यानं दाबा. तो स्वतःहून फाकला तर झालं. ताणला जात असेल तर कोलॅजन अजून शिल्लक आहे. दहा मिनिटं पुन्हा दाबाखाली ठेवा. मांस जास्त शिजलं म्हणून चिवट झालं अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते, आणि खांद्याच्या बाबतीत बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं.

इथे पुष्कळजण थांबतात आणि ताटात वाढतात. हे मांस मऊ असतं, चवीला ठीक असतं, पण ते कार्नीतास नव्हे. खरपूस रंग आणि वास १४० अंशांच्या पुढे झपाट्यानं चढतो, आणि कुकरच्या ओल्या वाफेत तिथवर जाताच येत नाही. कढईतली चरबी जे दुसरं काम करत होती ते आता तव्यानं करायचं.

तुकडे बाहेर काढून कोमट होऊ द्या. दोन काट्यांनी रेषा सोडवा, पण पार भुगा करू नका, अंगठ्याएवढे तुकडे मधूनमधून राहू द्यात. उरलेला रस गाळा, वर तरंगणारी चरबी चमच्यानं काढून वेगळी ठेवा आणि खालचा रस उघड्यावर आटवून एकतृतीयांश करा. मग बिडाचा तवा चांगला तापवा, त्यावर दोन चमचे तीच चरबी, आणि मांस एकाच थरात पसरा. आता तीन-चार मिनिटं ढवळू नका. हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात, पण ढवळलंत तर रंग चढणार नाही. खालची बाजू तांबूस, कुरकुरीत झाली की वरून आटवलेला रस दोन-तीन चमचे शिंपडा आणि लगेच उतरवा. दुसरी बाजू भाजू नका. एका बाजूला कुरकुरीत आणि दुसऱ्या बाजूला मऊ, हेच हवं.

वाढताना बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि हिरवा साल्सा. मांसात मिरची नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल; तिखटपणा ताटात येतो. साल्साला तिकडे तोमातियो लागतो, आपल्या रसभरीचा सख्खा नातेवाईक. तो नसेल तर हिरवे आंबट टोमॅटो, हिरव्या मिरच्या आणि लसूण उकडून कोथिंबीर-मिठाबरोबर वाटा. मक्याची भाकरी करायला जाऊ नका. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, म्हणून ती न तुटता दुमडते. आपलं साधं मक्याचं पीठ तसं वागत नाही. सरळ फुलके करा. उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, गव्हाच्याच टॉर्टिया खातात.

वसई, सिंधुदुर्ग, गोव्याकडच्या श्रोत्यांना विंदालू-सोरपोतेलची सवय आहे, तर त्यांच्यासाठी एक. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये कोचिनीता पिबिल नावाचा प्रकार करतात. शेंद्रीच्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस लावून मांस केळीच्या पानात गुंडाळायचं आणि जमिनीतल्या भट्टीत शिजवायचं. कुकरच्या तळाला आणि वरून केळीचं पान घातलंत तर बरंचसं जवळ जाता येतं. याला तव्याची गरज नाही, ते ओलंच असतं. आणि ज्यांच्या घरी डुक्कर चालत नाही त्यांनी बोकडाचा खांदा घ्यावा. मध्य मेक्सिकोत, इदाल्गो राज्यात, मेंढीचं मांस घायपाताच्या जातीच्या पानांत गुंडाळून असंच मऊ करतात.

कच्चं मांस हाताळल्यावर पाट, सुरी आणि हात साबणानं धुवा, आणि सोबतची कोथिंबीर-कांदा त्याच पाटावर चिरू नका. डुकराच्या मांसातून पट्टकृमी होऊ शकतो; कुकरमधल्या तापमानाला त्याचं काही चालत नाही, धोका असतो तो अर्धकच्च्या मांसाचा.

उरलेलं मांस रसात बुडवून फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतं, फक्त तव्यावर टाकायचं ते खाण्याच्या वेळीच. काढून ठेवलेली चरबी थंड झाली की पांढरी घट्ट होईल. ती टाकू नका. उकडलेला राजमा ठेचून त्या चरबीत कांद्याबरोबर परता, मीठ बघून घाला, कारण चरबीला लागून आलेल्या रसात ते आधीच असतं.